हरकत नसल्यास

दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्या गटाची गत होती. ज्वालामुखीवाल्यांची जगभरची एक महासभा, हिमनदीवाल्यांची दुसरी, आणि ज्वालामुखीच्या डोक्यावर बर्फ बसला की खाली काय शिजतं ते बघणारा हा बेचाळीस माणसांचा गट दोघींचा मिळून. मिळून म्हणजे कुणाचाच नाही. मदत मागायला गेलं की ज्वालामुखीवाले म्हणायचे, तुमचं बर्फवाले बघतील. बर्फवाले म्हणायचे, आगीत हात घालणं आमचं काम नव्हे. एकोणीस देशांत पांगलेली ही माणसं, एकेक जण हट्टी, निम्मे एकमेकांशी न बोलणारे. त्यांची मोट गटाच्या अध्यक्ष म्हणून बाईंनी एकटीनं बावीस वर्षं बांधून ठेवली होती, आणि दिवसातून एकदा तरी हे त्या कुणाला ना कुणाला ऐकवत असत.

बाईंची खोली विद्यापीठाच्या तळघरात, बॉयलरला लागून. एक भिंत कायम गरम, समोरची कायम ओली. तुमचा विषय घरबसल्या झाला की, असं शिपाई म्हणायचा, आणि बाईंना ते मुळीच आवडायचं नाही. दोन टेबलं, दगडांच्या नमुन्यांची खोकी, एक किटली, आणि ओल्या भिंतीवर हातभर रुंद तक्ता. त्या तक्त्याबद्दल पुढे येईलच.

आधी नियमाचं सांगायला हवं. गट नवा असताना एक प्रश्न निघाला. लाव्हा बर्फाला टेकून थिजला की काचेसारखा जो दगड होतो, त्याला म्हणायचं काय? एवढ्याशा गोष्टीवर चौदा महिने पत्रं फिरली. दहा जण भांडले आणि बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. बाईंच्या नाकी नऊ आले. शेवटी त्यांनी एक पत्र सगळ्यांना धाडलं: 'यापुढे कुठल्याही प्रस्तावावर आठ दिवसांत हरकत न आल्यास तो मंजूर समजावा. एकाचीही हरकत आल्यास तो बाद. या प्रस्तावावर हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे.' कुणी कळवलं नाही. नियम मंजूर झाला. तेव्हापासून पाठीमागे सगळे त्यांना आठवडाबाई म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं.

आणि खोटं कशाला बोला, नियमानं गट चालला. नकाशे झाले, मेळावे झाले, नव्या माणसांना शिफारशी मिळाल्या. मौन म्हणजे संमती हे काही बाईंनी शोधलेलं नव्हतं. त्यांनी फक्त त्याला मुदत घातली.

आता तक्ता. गटातली माणसं आळीपाळीनं बर्फावर जायची, उत्तरेकडची त्यांच्या उन्हाळ्यात, दक्षिणेकडची त्यांच्या. वर ना फोन लागतो ना पत्र पोचतं. कोण कधी वर आहे हे एका जागी कळावं, कुणी परतला नाही तर शोध घेता यावा, म्हणून बाईंनी तक्ता केला. जो वर गेला त्याच्या नावापुढे लाल टाचणी, उतरला की काढायची. काळजीपोटीच केला होता, त्यात शंका नाही. पण रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू माणसाला हळूहळू शिकवते. कुठल्या आठवड्यात पत्र टाकलं तर कोण वाचणार नाही, हे त्या तक्त्यावर लख्ख दिसायचं. नेहमी खुसपट काढणाऱ्या चौघांच्या नावापुढे टाचण्या लागल्या की बाईंच्या संगणकातल्या टपालपेटीतून प्रस्ताव निघायचा.

टाचण्या लावायचं काम धाकटीचं. ती पंचविशीत बाईंच्या हाताखाली आली तेव्हा गटात सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. आता चाळिशी ओलांडून केसांत पांढरं दिसायला लागलं तरी नाव तेच. बाईंनी तिला सगळं शिकवलं. बर्फाचा गाभा न मोडता कसा काढायचा, महासभेच्या सचिवाशी किती गोड बोलायचं, पत्राची शेवटची ओळ कशी लिहायची. सोळा वर्षं ती समोरच्या टेबलाशी बसली, आणि बाईंना वाटायचं, पोटच्या लेकीपेक्षा हीच आपली.

अकरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट मात्र बाई कुणाला ऐकवत नसत. गटात एक तळेवाला होता. एका ज्वालामुखीवर बर्फाच्या खाली तळं साठायचं. खालची ऊब बर्फ वितळवायची, पाणी चढत चढत वरचा बर्फच उचलायचं, आणि एके दिवशी बांध फुटावा तसं सगळं खालच्या खोऱ्यात उतरायचं. हा गडी चौदा वर्षं त्या तळ्याची पातळी मोजत होता. महासभा दरसाल गटाच्या सहाच मोजणी-ठाण्यांना हेलिकॉप्टर द्यायची, आणि बाईंना सातवं हवं होतं, स्वतःच्या शिखरासाठी. सात तर मिळणार नव्हती. मग तळ्याचं ठाणं काढून बाईंचं शिखर घालावं, असा प्रस्ताव निघाला.

'मॅडम, ते परवाच वर गेलेत,' धाकटी तेव्हा म्हणाली होती. 'पंधरा दिवस खाली येणार नाहीत.'

'म्हणूनच आज,' बाई म्हणाल्या होत्या.

तळेवाला उतरला, त्यानं पत्र वाचलं आणि फोन केला. त्याचा आवाज चढला नाही. 'बाई, मी बर्फावर होतो,' एवढंच म्हणाला. नियम सगळ्यांना सारखा आहे, असं बाईंनी सांगितलं. मग त्यानं रीतसर प्रस्ताव मांडला, की जो संपर्काबाहेर असेल त्याला उतरल्यावर आठ दिवस मिळावेत. त्यावर एकच हरकत आली. ती बाईंची. एक हरकत पुरते.

दोन वर्षांनी तळं फुटलं आणि खोऱ्यातला पूल घेऊन गेलं. पुलावर तेव्हा कुणी नव्हतं हे नशीब. तळ्याची पातळी कुणीच मोजली नव्हती. पुढे गटानं 'नोंदींच्या अभावाविषयी' म्हणून एक लेख छापला, त्यावर पहिलं नाव बाईंचं होतं. तळेवाला तोवर हे सगळं सोडून कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवायला लागला होता. असो.

यंदा बाईंचं सगळं लक्ष मेळाव्याकडे लागलं होतं. बावीस वर्षांत मेळावा इतरांच्या गावी झाला, बाईंच्या गावी कधी झाला नाही. तो यंदा इथंच ठरला होता आणि तीन महिन्यांवर आला होता. गटाची रीत अशी, की उद्घाटनाला अध्यक्षानं काळ्या लाव्हाच्या दगडावर बर्फाचा गोळा ठेवायचा आणि हातोडीनं फोडायचा. बाईंनी तो दहा परक्या गावांत फोडला होता. आता आपल्या गावात, आपल्या माणसांदेखत फोडायचा, आणि मग खुर्ची सोडायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या रांगेत नवरा आणि लेक. त्या दोन खुर्च्यांसाठी 'राखीव' अशी दोन कार्डं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती. दोघांना तसं विचारलं नव्हतं. घरी फ्रिजवर नेहमीसारखी चिठ्ठी लावली होती: 'मेळाव्याच्या दिवशी दोघांनी मोकळे राहावे. हरकत असल्यास कळवावे.' घरातही बाईंची भाषा अशीच.

बाईंचे यजमान कवळ्या बनवायचे. घराला लागूनच त्यांचं दुकान. प्लास्टर, मेण, छोट्या डब्यांत ओळीनं ठेवलेले दात. गावाच्या तोंडात दात बसवणारा माणूस, पण स्वतःचं तोंड उघडेल तर शपथ. गिऱ्हाइकं त्यांना कवळीवाले म्हणत आणि बाईही कधी कधी थट्टेनं तेच म्हणत. मेळाव्याच्या तीन महिने आधी हे कवळीवाले प्लास्टरची गोणी काढायला स्टुलावर चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं, लेक धावत आली, आणि आल्या आल्या तिनं आईला बजावलं की निदान आता तरी ते सगळं बंद कर.

बाईंना ते लागलं. त्यांनी धाकटीला फोन केला. 'माझीही टाचणी लाव,' म्हणाल्या. 'दहा दिवस मला कुणी शोधू नका.' सांगताना त्यांना स्वतःचं जरा कौतुकच वाटलं. मग फोन बंद करून लेकीच्या पर्समध्ये टाकला.

ते दहा दिवस वाईट गेले नाहीत. बाईंनी नवऱ्याचे केस विंचरले, त्यांना चमच्यानं सूप भरवलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी गप्पा मारल्या. आपण हे आधी का केलं नाही, असं एकदा मनात येऊन गेलं. पण नर्स औषध घेऊन आली आणि ते राहून गेलं.

अकराव्या दिवशी यजमानांना घरी सोडलं आणि दुपारी बाई खोलीत आल्या. तक्त्यावर त्यांच्या नावापुढे लाल टाचणी होती. पेटी उघडली तर पहिलं पत्र धाकटीचं, सगळ्या सभासदांना गेलेलं, दोन शब्दांचं. 'प्रस्ताव मंजूर.' कसला प्रस्ताव म्हणून बाईंनी आधीची पत्रं चाळली, तर ते मूळ पत्र सापडलं. बाई इस्पितळात गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशीची तारीख, तळाशी धाकटीची आणि दोघा जुन्या सभासदांची नावं. अध्यक्षपद यापुढे दर पाच वर्षांनी बदलावे. येत्या मेळाव्याचे उद्घाटन नव्या अध्यक्षाने करावे. ते पद धाकटीकडे जावे. आठ दिवसांत हरकत न आल्यास मंजूर समजावे.

शेवटची ओळ बाईंचीच होती, काना-मात्र्यासकट.

त्या उठून तक्त्यापाशी गेल्या आणि टाचण्या मोजू लागल्या. स्वतःची सोडून सतरा. सतरा जण बर्फावर, त्यांचं ठीक आहे. पत्रावर सह्या करणारे तिघे, तेही सोडा. म्हणजे उरले एकवीस. एकवीस जण आपापल्या घरी बसून, हातात चहाचा कप घेऊन ते पत्र वाचत होते. बाई एकेका नावावर बोट ठेवत गेल्या. याच्या नोकरीसाठी आपण अकरा शिफारसपत्रं लिहिली. हिच्यासोबत वादळात दोन रात्री एका तंबूत काढल्या, हिचे पाय आपण चोळले. याच्या मुलीच्या लग्नाला आपण तीन विमानं बदलून गेलो. एकानं एक ओळ लिहिली असती तरी प्रस्ताव बाद झाला असता. एक हरकत पुरते. बाई ओल्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

धाकटी आली तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या. तिनं आधी कवळीवाल्यांची चौकशी केली, आणि ती मनापासूनची होती, हे जास्त झोंबलं.

'मी इस्पितळात होते,' बाई म्हणाल्या.

वाक्य तोंडातून निघालं आणि ते आपण आधी कुठे ऐकलंय हे त्यांना कळलं. धाकटीलाही कळलं. तिनं मान खाली घातली नाही.

'माहीत आहे, मॅडम. टाचणी मीच लावली.'

'दोन आठवडे थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?'

'तुम्ही हरकत घेतली असती.'

गुरूची विद्या गुरूलाच. मेळावा झाला की आपण होऊन सोडणारच होतो, असं बाई म्हणाल्या. तर धाकटीनं आठवण करून दिली की हे त्या मागच्या तीन मेळाव्यांतही म्हणाल्या होत्या. तिच्या आवाजात राग नव्हता. सोळा वर्षं ती वाट बघत होती, एवढंच त्यात होतं. गटातल्या कुणी काही म्हटलं का, असं बाईंनी विचारलं. धाकटी म्हणाली, दोघा-तिघांनी तिला वेगळं कळवलं, की बाईंना वाईट वाटेल. तेवढं सगळ्यांना लिहायला मात्र कुणी तयार नव्हतं.

जाता जाता धाकटी थांबली. 'पहिल्या रांगेत तुमच्या दोन खुर्च्या ठेवल्यायत,' ती म्हणाली. 'त्यांच्या शेजारी तिसरी ठेवलीय, तुमच्यासाठी. कार्ड मीच लिहिलं.'

बाई पाचच्या सुमाराला घरी पोचल्या. कवळीवाले पलंगावर उशांना टेकून बसले होते, वॉकर हाताशी होता. लेक स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. बाईंनी पर्स फेकली आणि उभ्या उभ्या सुरुवात केली. सापाला दूध पाजलं म्हणाल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणाल्या. त्या एकवीस जणांचा एकेक करून उद्धार झाला. कुणाला दगड, कुणाला शेळपट, कुणाला खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. लेकीची सुरी मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली. अर्ध्या तासानं बाई दमल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

'एकानंसुद्धा हरकत घेतली नाही हो,' त्या म्हणाल्या. 'म्हणजे सगळ्यांना हेच हवं होतं.'

कवळीवाल्यांनी पांघरुणाची घडी सारखी केली. 'गप्प बसलेल्याला हवंच असतं, असं नाही,' ते म्हणाले.

ते समजूत काढतायत असं बाईंना वाटलं, आणि त्या आणखीच चिडल्या. नको असतं तर बोलायचं, तोंड काय शिवलं होतं? आता तुमचंच घ्या, त्या म्हणाल्या. बावीस वर्षं मी जातेय-येतेय, तुम्ही एकदा तरी नाही म्हणालात? पटत असलं की माणूस गप्पच असतो.

'छोटीचं पटलं नव्हतं,' कवळीवाले म्हणाले.

स्वयंपाकघरातली सुरी थांबली ती थांबलीच.

छोटी म्हणजे लेक. गटाचं दुसरं वर्ष, बाईंची अध्यक्ष म्हणून पहिली मोहीम, आणि छोटी चार वर्षांची. तिला सहा महिने मावशीकडे ठेवायचं ठरलं. ठरलं म्हणजे बाईंनी फ्रिजवर चिठ्ठी लावली होती. सहा महिन्यांची पुढे चार वर्षं झाली. छोटी परत आली तेव्हा मावशीला आई म्हणत होती आणि बाईंना अहो-जाहो करत होती. ही गोष्ट बाई हसत हसत सांगत, पाहुण्यांत.

'तेव्हा बोलला नाहीत ते,' बाई म्हणाल्या.

'लिहिलं होतं. तुझ्याच चिठ्ठीच्या मागे. हरकत आहे म्हणून. लिहून तिथंच परत लावली. तू पहाटे निघालीस, फ्रिजकडे गेलीच नाहीस.'

'अहो, मग नंतर सांगायचं. एक फोन करायचा.'

'कुठे करणार?' कवळीवाले म्हणाले. 'तू बर्फावर होतीस.'

त्यात टोमणा नव्हता. कुणी पत्ता विचारला तर सांगावा, तसं त्यांनी सांगितलं. मग पाय अवघडला म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं. बाईंनी सवयीनं उशी सरकवून दिली. एवढ्या वर्षांत त्यांनी या माणसाला किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील याचा त्या हिशेब करू लागल्या, आणि तो लागेना. एकीचीही मागची बाजू त्यांनी कधी पाहिली नव्हती.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. लेक ओट्याशी पाठमोरी उभी होती, ती वळली नाही. फ्रिजवर दुधाच्या बिलाशेजारी चुंबकाखाली मेळाव्याची चिठ्ठी होती. दोन महिने बाई रोज तिच्यासमोरून जात होत्या. त्यांनी चुंबक काढून चिठ्ठी उलटी केली.

मागे कवळीवाल्यांचं अक्षर होतं, दातांच्या डब्यांवर गिऱ्हाइकांची नावं लिहितात तसलं बारीक आणि नेटकं. 'हरकत आहे.' खाली दोन महिन्यांपूर्वीची तारीख. आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईनं, ताज्या, लेकीच्या हातचं, 'माझीही.'

लेकीनं नळ सोडला आणि भाजी धुवायला घेतली.